पहिली गाडी घेताय? हप्ता सोडा, हे बघा

भाऊ, नवखे हप्ता बघतात आन् तिथंच फसतात. विम्याच्या कोष्टकात गाडीची किंमत तिसऱ्या वर्षात 30 टक्के, पाचव्या वर्षात 50 टक्के उतरलेली धरतात. म्हणजे 8 लाखांची गाडी 4 लाखांवर. दारात उभी ठेवली तरी वर्षाला सरासरी 80 हजार गेले! म्हणून तीनेक वर्षं वापरलेली, एकाच मालकाची, सर्व्हिसिंगच्या पावत्या असलेली आधी बघा.

मग खर्च:

- वर्षाला 10,000 किलोमीटर, 18 चं ॲव्हरेज, म्हणजे साधारण 555 लिटर पेट्रोल. (पेट्रोल महाग मिळणाऱ्या परभणीकरांना भाव काय सांगायचा!)
- विमा, टायर, सर्व्हिसिंग वेगळं.

आठवड्याला एकदा शेतावर जायला डिझेल नकोच. सीएनजी घ्यायची तर आधी तुमच्या तालुक्यात पंप आहे का बघा.