आयटीतली नोकरी सोडून संशोधनाच्या सॉफ्टवेअरकडे वळायला फेलोशिपचा उपयोग होतो का?

तुम्ही ऐरोलीत टेस्टिंग करता, आता शास्त्रज्ञांसाठी सॉफ्टवेअर लिहायचंय, आणि फेलोशिप मिळाली की नोकरी सोडावी का, असा तुमचा प्रश्न आहे. फेलोशिपसाठी अर्ज जरूर करा, राजीनामा मात्र तूर्त खिशातच राहू द्या. (मुंबईकरांना खिशातले राजीनामे नवे नाहीत.)

या क्षेत्रातल्या बहुतेक फेलोशिपवर घर चालत नाही. ब्रिटनची सॉफ्टवेअर सस्टेनेबिलिटी इन्स्टिट्यूट काही हजार पौंड देते, तेही कार्यशाळा भरवायला, परिषदांना जायला. अमेरिकेतली बेटर सायंटिफिक सॉफ्टवेअर फेलोशिप २५,००० डॉलरपर्यंत जाते, पण ती तिथल्या संस्थांमधल्या लोकांसाठी. पोट भरेल अशी पाच वर्षांची फेलोशिप ब्रिटनच्याच ईपीएसआरसीने, म्हणजे संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या संस्थेने, २०१५ मध्ये जाहीर केली. ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनीअर’ हे बिरुद २०१२ मध्ये तिथल्याच एका कार्यशाळेतून पुढे आलं होतं. त्याच नावाची फेलोशिप निघाल्यावर विद्यापीठांना या कामाची दखल घ्यावी लागली. आपल्याकडे अजून असा माणूस प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून कंत्राटावर येतो आणि प्रकल्प संपला की जातो.

मग छोट्या फेलोशिपचा फायदा काय? ओळखी होतात आणि नावामागे काहीतरी लागतं. ‘आयटीत आहे, मदत करू का?’ अशा ईमेलला प्राध्यापक उत्तर देत नाहीत. ‘अमुक फेलोशिपमध्ये तुमच्या विषयातल्या कोडच्या चाचण्या लिहितेय’ म्हटलं की निदान चहाला बोलावतात.

शिवाय टेस्टिंगला कमी लेखू नका. मी मुंबईतल्याच एका प्रयोगशाळेत कोड सांभाळतो. पीएचडीच्या मुलांच्या फाइलचं नाव ‘फायनल_नवीन_३’, आतले सगळे पाथ (फाइलींचे पत्ते) त्यांच्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपचे, आणि चाचणी म्हणाल तर ‘ग्राफ बरोबर दिसतोय सर’. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की एक बरीच वापरली जाणारी पायथन स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगवेगळी उत्तरं देते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की फाइल्स नेहमी क्रमानेच मिळतील, आणि सगळ्या सिस्टिम तसा क्रम पाळत नाहीत. दोन मशीनवर तीच टेस्ट चालवून बघायची तुमची सवय इथे दुर्मिळ आहे, अर्जात पहिल्या ओळीत तीच लिहा.

सुरुवात पवईतून करता येईल. आयआयटी मुंबईच्या फॉसी या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या फेलोशिप प्रामुख्याने विद्यार्थ्यांसाठी असतात, तिथे निवडही करून दाखवलेल्या कामावर होते. तुम्हाला ती कदाचित लागू होणार नाही, पण त्यांचं ओस्डॅग, म्हणजे पोलादी बांधकामाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता-सुधारता येतो. ते पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या भारतीय मानकावर चालतं, म्हणजे उत्तर काय यायला हवं हे ताडून बघता येतं. टेस्टरला आणखी काय हवं? पुढे स्वतःचा छोटा प्रकल्प हाताशी आला की ओपन लाइफ सायन्स या मार्गदर्शन कार्यक्रमाकडे बघा. तिथे पैशांपेक्षा मार्गदर्शक मिळतो, आणि सगळं ऑनलाइन.

आणि हो, आयटी कंपन्यांच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल एक कलम बहुधा असतंच. पहिला पॅच, म्हणजे कोडमधली तुमची पहिली दुरुस्ती, पाठवण्याआधी एचआरकडून परवानगी घ्या, तोंडी नको, ईमेलवर.