संस्कृतीचं भान ठेवून मानसोपचार, या विषयात मानसशास्त्राचा प्राध्यापक आयुष्यभर नेमकं काय करतो?

स्टॅन्ली सू यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतले हे चिनी वंशाचे मानसशास्त्रज्ञ. 1970च्या दशकात त्यांनी सिअॅटल भागातल्या मानसोपचार केंद्रांच्या नोंदी तपासल्या. अल्पसंख्याक वंशांचे जवळपास निम्मे रुग्ण पहिल्या भेटीनंतर फिरकलेच नव्हते. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 30 टक्के होतं. खरं तर सोपं होतं रुग्णांना दोष देणं; सूंनी मात्र बोट सेवेकडे दाखवलं. मला त्यांचं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

पुढे शिकवणं आणि संशोधन होतंच. 1972 मध्ये भाऊ डेराल्ड यांच्यासह आशियाई अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात त्यांचा वाटा होता. रुग्णाची भाषा आणि वंश जुळणारा समुपदेशक असेल तर रुग्ण उपचारांत टिकतो का, हेही त्यांनी तपासलं.

अशा कामाचं फळ प्रत्यक्ष उपचाराच्या खोलीत दिसतं. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत, 16 प्रश्नांची एक मुलाखत आहे. त्यात रुग्णाला विचारतात, हा त्रास तुम्ही घरच्यांना कोणत्या शब्दांत सांगाल? ‘डिप्रेशन’ हा शब्दही न उच्चारणारा माणूस मग छातीवरच्या ओझ्याबद्दल, उडालेल्या झोपेबद्दल बोलू लागतो. उपचार तिथून सुरू करता येतात.