वाचकांचे प्रश्न: कंदीलपुष्पाचा कंद आणून कुंडीत लावू का?

प्रश्न: ऑगस्टमध्ये भीमाशंकरच्या रानात ट्रेकला गेलो होतो, तिथं झुडपावर चढलेल्या एका वेलीला कंदीलपुष्पं दिसली, हिरवट, वर जांभळट ठिपके. एक फूल फाडून बघितलं तर आत बारीक माश्या! ही मांसाहारी वनस्पती आहे का? आणि पुढच्या वेळी कंद आणला तर कुंडीत जगेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: नाही हो, माश्या खात नाही ती, नुसत्या कोंडून ठेवते. वासाला भुलून माशी वरच्या फटीतून आत शिरते, नळीत खाली वळलेले केस असतात त्यामुळे खाली घसरणं सोपं पण परत वर येणं नाही, मग ती तळाच्या फुगीर भागात धडपडत बसते आणि त्या धडपडीत परागकणांच्या पुड्या तिच्या सोंडेला चिकटतात. नंतर केस सुकतात, फूल कलतं, माशी सुटते आणि शहाणी न होता पुढच्या फुलात शिरते, त्यावरच तर सगळा कारभार चाललाय! तुम्ही फूल फाडलंत ते मात्र उगाच.

ही आपल्या रुईच्या कुळातली, सेरोपेजिया. हिच्या बऱ्याच जाती सह्याद्री सोडून जगात कुठंच नाहीत, हरिश्चंद्रगडावरची सेरोपेजिया लॉई त्यातलीच. तुमची नक्की कुठली ते पान आणि फूल दोन्हीचा क्लिअर फोटो असेल तरच सांगता येईल.

आता कंद. उन्हाळाभर वेल दिसतच नाही, जमिनीत फक्त कंद असतो, पावसाळ्यात त्यालाच कोंब फुटतो, म्हणजे कंद उपटला की विषय संपला. तसाही तो गोडसर असल्याने गुराखी खातात, साळिंदर आणि रानडुकरं उकरतात, त्यातून वाचलेली वेल शेंगा धरायच्या आधीच गुरांच्या तोंडी जाते. त्यात आपण ट्रेकर लोकांनी भर घालायची गरज नाही. शिवाय भीमाशंकर अभयारण्य आहे, 1972च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तिथून झाडपाला उचलणं गुन्हा आहे, 'एकच कंद घेतला' ही सबब चालत नाही.

जवळून बघायचीच हौस असेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने बागेत यातल्या बऱ्याच जाती वाढवल्यात, आधी विचारून पावसाळ्यात जा. आणि रानातला फोटो ग्रुपवर टाकताना लोकेशन तेवढं काढून टाका.