सागवानी खुर्ची घासायच्या आधी

अरे, जुनी सागवानी खुर्ची घासून पॉलिश करायची आहे ना, मग लगेच पॉलिश पेपर घेऊन बसू नकोस, आधी उलटी करून सांधे हलवून बघ, खुळखुळत असतील तर जुना सरस खरवडून काढ, फेविकॉल भर, दोरीने करकचून बांध आणि दिवसभर हात लावू नको. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर त्याहून बारीक २२०, आणि घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच! आडवे ओरखडे पॉलिश चढल्यावर उठून दिसतात, तेव्हा बोंब मारून उपयोग नाही. पॉलिशला मी तरी चपडीच (लाखेचे पातळ पापुद्रे) वापर म्हणेन, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजव, गाळून घे, मलमलच्या बोळ्याने पातळ पातळ हात मार. भर पावसाळ्यात मात्र नको, दमट हवेत पांढरट पडतं. आणि हो, स्पिरिट आहे, गॅसपासून लांब बस.