डेंग्यूचा ताप जाऊन दोन महिने झाले तरी मांड्या-पोटऱ्या दुखतात. कोणत्या तपासण्या कराव्यात?

सर्वप्रथम रक्तातील सीपीके (स्नायूंमधील एक विकर) तपासावे आणि त्याच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर व सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या चाचण्या), टीएसएच (थायरॉईडची चाचणी), ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) पाहून घ्यावे. स्नायूंच्या पेशींना इजा झाली की सीपीके वाढते. ते बरेच वाढलेले असून जिना चढताना किंवा उकिडवे बसून उठताना ताकद कमी पडत असेल, तर स्नायूदाहाच्या शक्यतेसाठी संधिवाततज्ज्ञाकडे जावे. सीपीके सामान्य असल्यास थायरॉईडची मंदता (यात सीपीके वाढूही शकते), ड जीवनसत्त्वाची कमतरता किंवा विषाणूजन्य आजारानंतर रेंगाळणारा थकवा ही कारणे अधिक संभवतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गटातील गोळी चालू असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तिच्यामुळेही स्नायू दुखू शकतात आणि ही साधी बाब अनेकदा सुटते. डेंग्यूची अँटिबॉडी चाचणी पुन्हा करण्यात मात्र अर्थ नाही. ती बरे झाल्यावरही काही महिने सकारात्मक येऊ शकते. एक मर्यादा लक्षात ठेवावी: जोरकस व्यायामानंतर किंवा दंडात इंजेक्शन घेतल्यानंतरही सीपीके वाढते, म्हणून तपासणीआधीचे दोन-तीन दिवस श्रम टाळावेत. लघवी चहासारखी गडद होत असेल, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.