भाचा घर सोडून आला आहे, त्याला ठेवून घेऊ का?

प्रश्न : माझा भाचा १७ वर्षे ४ महिन्यांचा असून बारावीत शिकतो. वडिलांशी भांडून तो आठवड्यापूर्वी बॅग घेऊन पेडण्याहून आमच्याकडे आला. आता ‘मडगावात खोली घेऊन नोकरी करीन’ म्हणतो. मुलगा पळवल्याची तक्रार माझ्यावर करीन, असे भावोजी फोनवर म्हणाले. भाच्याला असे वेगळे राहता येते का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पालकांच्या इच्छेविरुद्ध वेगळे राहण्याचा हक्क त्याला अजून मिळालेला नाही. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच व्यक्ती सज्ञान होते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालत असल्याने इथे वयाची काही निराळी सवलत असावी, असा समज अधूनमधून ऐकू येतो. परंतु गोवा बाल अधिनियम, २००३ देखील १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूलच मानतो.

घर सोडून येणे हा भाच्याचा गुन्हा नव्हे. जपून राहायचे आहे ते तुम्ही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ प्रमाणे मुलाला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीवाचून, नेणे किंवा फूस लावून नेणे हे अपहरण ठरते आणि त्यासाठी ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलगा राजीखुशीने आला, एवढे सांगून भागत नाही. मात्र जाणत्या वयाचे अल्पवयीन मूल आपण होऊन घराबाहेर पडले आणि समोरच्याने त्याला त्यासाठी उद्युक्त केले नसेल, तर त्याला ‘नेणे’ म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये एस. वरदराजन खटल्यात म्हटले आहे. म्हणून तो तुमच्याकडे असल्याचे लपवू नका. कधी आला, कसा आला, हे बहीण व भावोजी दोघांना आजच लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर कळवले तरी चालेल.

मडगावच्या खोलीचा बेत मात्र सोडायला सांगा. अल्पवयीनाने केलेला करार भारतीय करार अधिनियमानुसार मुळातच रद्दबातल असल्याने जाणता घरमालक त्याच्याशी भाडेकरार करणार नाही. बिगरधोक्याची नोकरी या वयात कायद्याने करता येते, पण ती मिळाली म्हणून पालकांचा ताबा संपत नाही.

भांडणाचे कारण तुम्ही लिहिलेले नाही, आणि खरे तर पुढचे सारे त्यावरच ठरते. मोबाइल किंवा अभ्यासावरून खटका उडाला असेल, तर आईवडील दोघांची संमती घेऊन बारावीची परीक्षा होईपर्यंत त्याला ठेवून घ्यावे. संमती असेल तर मामाच्या घरी राहण्यास कायद्याची कोणतीच आडकाठी नाही. मारहाण किंवा छळ होत असेल, तर मुकाट्याने परत पाठवू नका आणि लपवूनही ठेवू नका. १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जा. बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली ही समिती मुलाचे म्हणणे ऐकून घेते आणि त्याने कुठे राहावे याचा आदेश देऊ शकते. नात्यातील योग्य व्यक्ती म्हणून तुमच्या घराचाही विचार होऊ शकतो. तसा आदेश हाती असला, तर भावोजींच्या धमकीची तुम्हाला भीती उरणार नाही.