फ्यूज बॉक्स बदलण्याआधी

मित्रा, मोटरसायकलचा फ्यूज सारखा उडतोय म्हणून लगेच नवा बॉक्स आणू नकोस. तसं असेल तर बहुधा वायर कुठेतरी सोलून फ्रेमला लागतेय. आधी हँडलच्या मानेजवळ आणि सीटखाली बघ. फ्यूज शाबूत असून लाईट मंद, हॉर्न घोगरा आणि बॉक्स हाताला गरम लागतोय, तर मात्र बॉक्सच गेला. काचेच्या फ्यूजच्या क्लिपा सैल पडतात, हिरव्या होतात, तापून प्लास्टिक वितळवतात. हेडलाईट लावून मल्टीमीटरच्या पिना फ्यूजच्या दोन्हीकडच्या वायरींवर टेकव. पाव-अर्धा व्होल्ट दिसला तर पॉलिश पेपर मारून वेळ घालवू नकोस.

नवा बॉक्स ब्लेड फ्यूजचाच घे, म्हणजे दोन चपट्या पात्यांच्या रंगीत प्लास्टिक फ्यूजचा. 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा. जुनी ट्रायम्फ किंवा बीएसए ही इंग्लिश गाडी असेल तर एक गोम आहे. त्यांत लुकास या इंग्लिश कंपनीचे फ्यूज असतात, त्यांच्यावरचा 35 हा उडण्याचा आकडा. सतत तो 17 अँपिअरच झेलतो. तिथं 30 चा ब्लेड टाकलास तर फ्यूजआधी वायर जळेल. 15 चा घाल.

सुरू करण्याआधी फोटो काढ. बॅटरीची फ्रेमला जाणारी वायर पहिली सोड. या इंग्लिश गाड्यांत ती बहुधा पॉझिटिव्ह असते. वायरीचं टोक चकचकीत तांबं दिसेपर्यंत काप. काळ्या तांब्यावर सोल्डर धरतच नाही. टर्मिनल नीट क्रिम्प कर, म्हणजे क्रिम्पिंगच्या खास पकडीनं वायरीवर दाबून बसव, साध्या पकडीनं नुसतं चेपू नकोस.